रुपया का घसरतो? आधी कांदा मार्केटात उभं राहून बघा

येवला : मोबाइल उघडला की दोन दिवसाआड एक बातमी दिसतेच. रुपया घसरला, परकीय गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला, बाजाराचा विश्वास डळमळला. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी पहिल्यांदाच नव्वद रुपयांच्या वर मोजायची वेळ आली, तेव्हा तर पारावर आणि सलूनमध्येही हाच विषय होता. विचारणारे एकच विचारत होते. देशात पीक तेवढंच, कारखाने तेवढेच, राबणारी माणसं तीच. मग आठ-पंधरा दिवसांत रुपयाचं मोल कमी कसं होतं? आणि हा ‘विश्वास’ म्हणजे काय चीज आहे, तो कोणत्या काट्यावर मोजतात?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर शोधायला मुंबईच्या दलाल स्ट्रीटला जायची गरज नाही. येवला किंवा अंदरसूलच्या कांदा लिलावात दोन दिवस उभं राहिलं तरी निम्मं उत्तर मिळतं.

कांदा तोच, भाव निम्मा

७ डिसेंबर २०२३ ची रात्र आठवा. केंद्र सरकारनं कांदा निर्यातबंदी केली आणि ८ तारखेपासून ती लागू झाली. रात्री झोपताना ट्रॉलीत जेवढा कांदा भरला होता, तेवढाच सकाळी होता. खाणारी तोंडं तेवढीच होती. तरी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत भाव जवळपास निम्म्यावर आला. त्यात तो लाल कांद्याचा हंगाम. लाल कांदा चाळीत टिकत नाही, त्यामुळं थांबायचीही सोय नव्हती.

मग त्या रात्रीत बदललं काय? व्यापाऱ्याचा पुढचा अंदाज बदलला. काल तो पुकारा करताना मनात हिशोब धरत होता की हा माल मुंबईच्या बंदरातून दुबईला, कोलंबोला जाईल. आज त्याला दिसत होतं की सगळा माल देशातच साचणार. भाव आजच्या मालाचा वाटतो, पण तो ठरतो उद्याच्या अंदाजावर. बाजार कुठलाही असो, कांद्याचा, सोन्याचा, शेअरचा की डॉलरचा, हे गणित तेच राहतं.

याची उलटी बाजू आपण उन्हाळ कांद्याला दरवर्षी बघतो. ऑगस्ट-सप्टेंबरात कुणीतरी सांगतं की कर्नाटकात पावसानं पीक गेलं, दिवाळीपर्यंत भाव चढणार. लगेच चाळी उघडायच्या बंद होतात. आवक घटते आणि आवक घटली म्हणून भाव खरंच चढतो. पुढच्या आठवड्यात कुणी म्हणतं सरकार साठा बाहेर काढणार, की तेच शेतकरी एका दिवशी ट्रॅक्टर जोडतात, गेटपासून रस्त्यापर्यंत रांग लागते आणि सगळे एकदम आले म्हणूनच भाव पडतो. भाव पडेल या भीतीनं भाव पडला. ज्याला भीती वाटली त्याचा अंदाज खरा ठरला, पण तो खरा केला त्याच्यासारख्याच सगळ्यांनी मिळून.

आता कांद्याच्या जागी डॉलर ठेवा.

आपल्या देशाला डॉलर लागतात ते मुख्यतः तेलाला. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. शिवाय खाद्यतेल, खतं, सोनं, मोबाइलचे सुटे भाग. डॉलर येतात ते निर्यातीतून, बंगळुरू-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून, आखातात कामाला गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशातून आणि परदेशी गुंतवणूकदारांकडून. म्हणजे एका बाजूला डॉलर विकणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे. मार्केटच म्हणा ना.

समजा सगळ्यांना वाटायला लागलं की पुढच्या महिन्यात डॉलर महागणार. तेल आणणारी कंपनी म्हणते, पुढं लागणारे डॉलर आजच घेऊन ठेवू. द्राक्षं किंवा कापड पाठवणारा निर्यातदार म्हणतो, आलेले डॉलर मोडायची घाई कशाला, मुदत आहे तोवर थांबू. हा निर्यातदार म्हणजे चाळ न उघडणारा शेतकरी. घेणाऱ्यांची गर्दी झाली, विकणारे थांबले. डॉलर महागला, म्हणजेच रुपया पडला. त्यात परदेशी गुंतवणूकदारानं इथले शेअर विकून रुपयाचे डॉलर करून घेतले की घेणाऱ्यांच्या रांगेत आणखी एक मोठा ट्रक उभा राहिला. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं. त्यानंतरच्या महिन्यांत हेच चित्र दिसलं. निर्यात किती घटेल हे कळायच्या आधीच अंदाजानं काम केलं होतं.

मग रिझर्व्ह बँक काय करते? नाफेड जे कांद्याचं करतं, तेच ती डॉलरचं करते. स्वस्ताईत साठा करायचा आणि भाव भडकला की साठ्यातला माल बाजारात सोडायचा. (नाफेडनं साठा सोडला की आपण चिडतो तो भाग वेगळा. डॉलरच्या बाबतीत आपण ग्राहकाच्या बाजूला उभे असतो.) देशाची परकीय गंगाजळी आज सहाशे अब्ज डॉलरच्या वर आहे. गंमत अशी की साठा मोठा असला की तो फारसा वापरावा लागत नाही. गोदाम भरलेलं आहे हे माहीत असल्यावर साठेबाज दहा वेळा विचार करतो. गोदाम रिकामं आहे असं एकदा का कळलं, की मग कुणी ऐकत नाही.

गोदाम रिकामं झालं होतं तेव्हा

आपल्या देशावर ती वेळ १९९१ साली आली होती. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना तेव्हाच्या बातम्या अंधूक आठवत असतील. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला आणि तेल भडकलं. आखातातले आपले लोक नोकऱ्या सोडून परतले, त्यांचा पैसा यायचा थांबला. दिल्लीत सरकारं टिकत नव्हती. परदेशातल्या भारतीयांनी इथल्या बँकांत ठेवलेले डॉलर काढून घ्यायला सुरुवात केली. जानेवारी १९९१ मध्ये गंगाजळी १२० कोटी डॉलरवर आली होती. जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती.

मग सोनं बाहेर काढावं लागलं. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं देशाबाहेर गेलं आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडं गेलं. या सगळ्यातून उभे राहिले साधारण ६० कोटी डॉलर. देशाच्या मानानं रक्कम काही फार नव्हती. पण आपल्याकडं ऐन अडचणीत बाईच्या अंगावरचा दागिना गहाण ठेवून माणूस सोसायटीचा हप्ता वेळेवर भरतो ना, तसा तो प्रकार होता. देणं बुडवणार नाही हे जगाला दाखवायचं होतं. १ आणि ३ जुलै १९९१ ला रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. एका डॉलरला सुमारे २१ रुपये पडायचे, ते २६ च्या आसपास गेले. त्याच महिन्यात अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि परवाना राज मोडीत काढायला सुरुवात झाली.

त्या आठवणीचा वचक दिल्लीवर अजून आहे. गंगाजळी वाढवत राहायची आणि सोनं साठवायचं हे धोरण त्यातूनच आलं. रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ या वर्षात इंग्लंडमध्ये ठेवलेलं आपलं १०० टन सोनं मायदेशी आणलं, तेव्हा अनेकांना १९९१ च आठवलं.

मराठीत या सगळ्याला एक जुना शब्द आहे, पत. अमक्याची बाजारात पत आहे, असं आपण म्हणतो. पतसंस्था, पतपुरवठा, पतधोरण हे सगळे शब्द तिथूनच आले. पत म्हणजे खिशात किती आहे ते नव्हे. पत म्हणजे उद्या देईल असं समोरच्याला किती वाटतं ते. खिशात लाख रुपये असलेल्या माणसाला दुकानदार खताची गोणी उधार देत नाही आणि फाटक्या खिशाच्या माणसाला देतो, हे आपण बघितलेलं आहे. देशांचं तसंच असतं. परदेशी संस्था देशांना पतमानांकन देतात ते यासाठीच, आणि ते घसरलं की कर्जावर व्याज जास्त मोजावं लागतं.

२०१३ चं उदाहरण तर अजून बोलकं आहे, कारण तेव्हा प्रत्यक्षात काही घडलंच नव्हतं. अमेरिकेची मध्यवर्ती बँक तेव्हा दर महिन्याला बाजारात नवा पैसा सोडत होती आणि त्यातला बराच पैसा आपल्यासारख्या देशांत येत होता. २२ मे २०१३ ला त्या बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के एवढंच म्हणाले की हे सोडणं पुढं हळूहळू कमी होऊ शकतं. कमी केलं नव्हतं, होऊ शकतं म्हणाले होते. धरणाची पातळी बघता यंदा आवर्तन कमी पडेल असं अधिकारी नुसतं बोलला तरी टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं ते आठवा. परदेशी पैसा निघायला लागला. ५५ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या पुढं गेला. सरकारनं सोन्यावरचं आयात शुल्क वाढवत १० टक्क्यांवर नेलं, कारण लोक घाबरून सोनं घेत होते आणि सोन्यासाठी आणखी डॉलर जात होते. त्याच दिवसांत कांदाही भडकला होता, ते मात्र आपल्याला जास्त आठवतं.

४ सप्टेंबरला रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेचा कारभार हाती घेतला आणि पहिल्याच दिवशी बँकांसाठी एक सवलत जाहीर केली. परदेशातल्या भारतीयांकडून डॉलरच्या ठेवी आणा, रुपया घसरल्याचा धोका आम्ही बराचसा अंगावर घेतो. या आणि अशाच दुसऱ्या सवलतीतून नोव्हेंबरअखेर सुमारे ३४०० कोटी डॉलर आले. पण रुपया सावरायला त्याआधीच सुरुवात झाली होती. ऑक्टोबरच्या मध्यात डॉलर ६१ च्या आसपास होता. पैसा यायच्या आधी पैसा येणार हा भरवसा आला होता. आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं खरोखर हात आखडता घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा रुपया फारसा हलला नाही. तोवर सगळे सावध होते, गोदाम भरलेलं होतं.

श्रीलंकेचा धडा आपल्या कांद्याशी जोडलेला आहे

श्रीलंका हे नाशिकच्या कांद्याचं जुनं गिऱ्हाईक. २०१९ मध्ये तिथं बॉम्बस्फोट झाले, मग कोरोना आला, पर्यटक बंद झाले. सरकारनं करही कमी करून ठेवले होते. त्यात २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली आणि भाताचं, चहाचं पीक पडलं. डॉलर संपत आले तसे बाहेर काम करणारे श्रीलंकन लोक बँकेतून पैसे पाठवायचं सोडून आडमार्गानं पाठवायला लागले, कारण बाहेर जास्त भाव मिळत होता. अन्नधान्याचे शेकडो कंटेनर कोलंबो बंदरात अडकले, सोडवायला डॉलर नाहीत म्हणून. मार्च २०२२ मध्ये एका डॉलरला साधारण २०० श्रीलंकन रुपये पडत होते, ते दोन महिन्यांत साडेतीनशेच्या पुढं गेले. १२ एप्रिल २०२२ ला त्यांनी परदेशी कर्ज फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. गिऱ्हाइकाकडंच डॉलर नसतील तर तो आपला कांदा मागवणार कशातून?

पत गेली की नुसतं एका देशाचं नुकसान होत नाही, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या सगळ्यांचं होतं. आणि इथं आपल्या बाजूचंही एक बोललं पाहिजे. कांद्याच्या बाजारात भारताची पत आपल्याच धोरणांनी घालवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रम बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ती उठली जानेवारी २०२१ ला. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर. डिसेंबरमध्ये सरळ बंदी, ती मार्चअखेर संपणार होती, पण मार्चमध्ये पुन्हा लांबवली. ४ मे २०२४ ला उठवली, पण ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. दुबईतला किंवा ढाक्यातला व्यापारी हे सगळं बघत असतो. त्याला रमजानसाठी कांदा हवा असतो, तो दोन महिने आधी सौदा करतो. भारतात कधी काय होईल याचा नेम नाही म्हटल्यावर तो पाकिस्तान, इजिप्त, चीनकडं वळतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांसमोर बोलताना त्यांनी सांगितलं की आम्ही स्वयंपाक्याला कांदा न वापरायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी असं काही करायचं असेल तर आधी कळवत जा. लोक हसले. पण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भाव जास्त आहे अशी त्यांची तक्रार नव्हती, अचानक तोडलं ही होती. पुढं बांगलादेशानं स्वतःचं कांदा उत्पादन वाढवण्यावर जोर दिला. आज शुल्क शून्य आहे, पण गेलेलं गिऱ्हाईक शुल्क शून्य झालं म्हणून दुसऱ्या दिवशी परत येत नाही. पत जायला एक अधिसूचना पुरते, यायला कित्येक हंगाम लागतात.

व्यापाऱ्याचा एक चेक

आता बँकांकडं वळू, कारण यात आपला प्रत्येकाचा पैसा आहे.

मार्केटात समजा एका व्यापाऱ्याचा चेक वटला नाही. कारण साधंही असू शकतं, त्याचा दिल्लीचा पैसा दोन दिवस उशिरा आला. पण बातमी ट्रॅक्टरच्या रांगेत फिरते. दुसऱ्या दिवशी ज्यांचे ज्यांचे पैसे त्याच्याकडं आहेत ते सगळे एकदम दारात उभे. त्याचा पैसा तर गोदामातल्या मालात आणि वाटेवरच्या ट्रकात अडकलेला. धंदा चांगला असला तरी तो एका दिवसात सगळ्यांचे पैसे देऊ शकत नाही. मग खरंच बुडतो. आणि शेजारच्या गाळ्यावरच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडंही लोक संशयानं बघायला लागतात, रोखच पाहिजे म्हणतात. नियमानं शेतमालाचे पैसे २४ तासांच्या आत मिळायला हवेत. हा नियम फक्त आपल्या सोयीचा नाही, मार्केटाच्या पतीचा आहे. उधारी जितकी लांब, तितकी अफवेला जागा जास्त.

बँकही तशीच चालते. आपण ठेवलेला पैसा तिजोरीत नसतो, कर्जानं वाटलेला असतो. ठेवीदार रोज थोडे थोडे येतात तोवर सगळं सुरळीत चालतं. सगळे एकाच दिवशी आले तर जगातली कुठलीही बँक टिकत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४२०० कोटी डॉलर काढले. त्यातले बरेच मोबाइलवरून. रांगसुद्धा दिसली नाही. आपल्याकडं सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेबाहेर पुन्हा तशाच रांगा दिसल्या.

ही भीती थोपवण्यासाठीच ठेव विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आधी ते लाखाचंच होतं. सहकारी बँकांनाही हे लागू आहे. पण मंडळी, एक गोष्ट नीट ऐका, कारण गावात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. नावात पत असली, दारावर मोठा बोर्ड असला, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज असलं, तरी नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. काही पतसंस्था उत्तम चालतात, त्यांच्याबद्दल हे नाही. पण तिथला भरवसा हा संचालकांवरचा भरवसा आहे, त्यामागं विमा महामंडळ उभं नाही, एवढं समजून ठेव ठेवावी.

खुद्द नोटसुद्धा भरवशावरच चालते. शंभराच्या नोटेवर काय छापलंय ते वाचा. धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन आणि खाली गव्हर्नरची सही. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते.) कागदाची किंमत काहीच नाही, किंमत वचनाची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटांचं चलन थांबलं, तेव्हा देशातल्या एकूण नोटांच्या मूल्यापैकी ८६ टक्के नोटा एका भाषणात बाजूला पडल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि ज्या बँकेत गावाचा व्यवहार होता तीच अडली. कांद्याचे लिलाव अडखळले, पैसे चेकनं मिळायला लागले, काहींचे चेक वटले नाहीत. रोखीवरचं प्रेम आपल्याकडं अजून सुटत नाही ते उगाच नाही.

पैठणी पुढच्या वर्षी घेऊ

इथपर्यंत व्यापारी आणि गुंतवणूकदारांचं झालं. साध्या गिऱ्हाइकाच्या भरवशाला अर्थव्यवस्थेत काय किंमत आहे हे येवल्याइतकं दुसरं कुणाला कळणार?

पीठ, मीठ, तेल माणूस पुढं ढकलू शकत नाही. पैठणी ढकलू शकतो. मोटारसायकल, ट्रॅक्टर, घराचा स्लॅब, बोअर हे सगळं ढकलता येतं. त्यामुळं पुढच्या वर्षाची धास्ती वाटली की या गोष्टींची विक्री पहिली थांबते. आज उत्पन्न घटलेलं नसतं, नोकरी गेलेली नसते. जाईल असं वाटत असतं, तेवढं पुरतं. लग्नघरातली बाई पुण्याहून येवल्यात येते, पंधरा हजाराची बघते आणि सहा हजाराची घेऊन जाते. दुकानदार मग विणकराला सांगतो, भारी पदराची सध्या लावू नको. विणकर बंगळुरूकडचं रेशीम आणि सुरतेची जर कमी मागवतो. भारी पैठणीला महिना-दोन महिने लागतात, त्यामुळं आज मागावर काय चढवायचं हा निर्णय पुढच्या लग्नसराईच्या अंदाजावरच असतो. विणकराच्या घरात पैसा कमी आला की तो किराणा दुकानात कमी जातो. पुण्यातल्या एका धास्तीचा धक्का असा येवल्यातून सुरतेपर्यंत जातो. २०२० च्या टाळेबंदीत लग्नंच थांबली तेव्हा हे आपण ठसठशीत बघितलं.

गुंतवणुकीचंही असंच. आपल्या तालुक्याच्या पूर्व भागात, राजापूर-ममदापूरकडं, माणूस ठिबकवर लाखभर रुपये घालताना पहिला विचार पाण्याचा करतो. पालखेड कालव्याच्या कडेचा शेतकरी आवर्तनाचा करतो. आवर्तन पंधरा दिवस उशिरा आलं तरी चालेल, पण येणार हे नक्की असेल तर तो द्राक्षबाग लावेल. नेम नसेल तर तो बाजरीच पेरणार, मग अनुदान कितीही असो. परदेशी कंपनी भारतात कारखाना काढायचा की व्हिएतनाममध्ये, हे ठरवते ते याच हिशोबानं. कर किती आहे यापेक्षा तो पुढच्या वर्षी अचानक बदलेल का, याची तिला जास्त काळजी असते.

हा भरवसा मोजायचा प्रयत्नही होतो. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरांतल्या कुटुंबांना पाच गोष्टी विचारते. एकूण अर्थस्थिती, रोजगार, महागाई, तुमचं उत्पन्न आणि तुमचा खर्च. वर्षापूर्वीपेक्षा बरं की वाईट, आणि पुढच्या वर्षी कसं राहील? शंभरात ४० जण बरं म्हणाले आणि ३० जण वाईट म्हणाले, तर उरले अधिक १०. पाचही गोष्टींची अशी सरासरी काढून ती १०० मध्ये मिळवतात. आकडा १०० च्या वर म्हणजे आशा, खाली म्हणजे निराशा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये हा आकडा ४८.५ पर्यंत खाली गेला होता. त्याआधी कधीच एवढा पडला नव्हता. आता ग्रामीण आणि निमशहरी भागाची स्वतंत्र पाहणीही प्रसिद्ध होऊ लागली आहे. उशिरा का होईना, गावाला विचारलं जातंय.

एक सांगून ठेवतो. भरवशावर सगळंच चालतं असं समजू नका. माल नसताना नुसत्या भरवशावर उभे राहिलेले धंदेही आपण बघितलेत, सहा महिन्यांत दुप्पट देणारे. श्रीलंकेचा रुपया अफवेनं पडला नाही, डॉलर खरंच संपले होते. अफवेनं फार तर वेग वाढवला. आणि कांदा चाळीत सडतो, डॉलर सडत नाही, त्यामुळं डॉलरवाला आपल्यापेक्षा जास्त काळ थांबू शकतो. हा फरक मोठा आहे.

मग रुपया घसरला तर आपलं काय?

कांदा, द्राक्ष, डाळिंब बाहेर जात असेल तर वरवर फायदा. दुबईत कांद्याचा सौदा डॉलरमध्ये होतो. टनाला ४०० डॉलर धरले तर डॉलर ८५ ला असताना ३४ हजार रुपये होतात, ९० ला ३६ हजार. हा वरचा पैसा निर्यातदाराकडून लिलावापर्यंत किती झिरपतो हे मात्र त्या दिवशी घेणारे किती आहेत यावर आहे. शिवाय पाकिस्तानचा रुपया आपल्यापेक्षा जास्त पडला असेल तर त्यांचा कांदा आणखी स्वस्त पडतो आणि आपला फायदा तिथंच जिरतो.

तोट्याची बाजू मोठी. डिझेल, पामतेल, मोबाइल, औषधांचा कच्चा माल यांचा खर्च वाढतो. पोटॅश सगळंच बाहेरून येतं, डीएपी आणि त्याचा कच्चा मालही बराचसा बाहेरून येतो. डीएपीची गोणी आपल्याला १३५० रुपयांनाच दिसते, कारण वरचा भार सरकार अनुदानातून उचलतं. पण डॉलर महाग आणि अनुदान अपुरं असलं की कंपन्या माल कमी आणतात. किंमत वाढलेली दिसत नाही, गोणीच दिसत नाही. ऐन पेरणीत दुकानदार डीएपी संपलं सांगतो आणि सोबत दुसरं काहीतरी घ्यायला लावतो, तेव्हा त्यामागं डॉलरही उभा असतो.

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दर दोन महिन्यांनी जाहीर होतं. टीव्हीवर त्या दिवशी फक्त व्याजदर सांगतात. त्याच सुमारास बँकेच्या संकेतस्थळावर शहरी आणि ग्रामीण भरवशाचे आकडेही येतात, मोबाइलवर फुकट वाचता येतात. ग्रामीणचा आकडा शंभराच्या वर आहे की खाली आणि गेल्या खेपेपेक्षा चढला की उतरला, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. लग्नसराईच्या तोंडावर पैठणीच्या दुकानदारांनी आणि ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांनी तर तो बघायलाच हवा.